मोकळ्या ओळी

(किशोरी गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



किशोरवयीनांसाठीची 'स्वतःला घडवा' छापाची पुस्तकं आपल्यापैकी अनेकींना आवडत नाहीत. पण आपली पत्रकं मुली दुसऱ्या पानावर मिटतात आणि ही पुस्तकं हातोहात फिरतात. तेव्हा ती नीट पाहायला हवीत.

शॉन कोवी यांचं 'द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह टीन्स' घ्या. १९९८ साली अमेरिकेत निघालं. मूळ विचार त्यांच्या वडिलांच्या १९८९च्या, मोठ्यांसाठीच्या पुस्तकातला. मुलानं त्यात व्यंगचित्रं घातली, मुलामुलींचे अनुभव त्यांच्याच तोंडून सांगितले, प्रकरणाच्या शेवटी लगेच करता येतील अशी छोटी कामं दिली. मुख्य म्हणजे प्रश्न विचारले आणि उत्तर वाचणारीवर सोडलं. तिचं मत विचारणारं घरात, शाळेत कोण असतं? म्हणून ती खिळते.

आमच्या वस्तीतल्या गटात अशाच प्रश्नांचे कागद वाटले. मोकळ्या ओळी मोकळ्याच परत आल्या. नववीतली एक म्हणाली, "ताई, लिहून ठेवू कुठं? भाऊ वाचेल." वाचणारीला स्वतःचा निदान एक खण असेल, हे पुस्तकानं गृहीतच धरलेलं. आता वह्या केंद्रातल्या कपाटात राहतात, किल्ली मुलींकडे.

या पुस्तकात एक वर्तुळ आहे. आत आपल्या हातातल्या गोष्टी. बाहेर जन्म कुठं झाला, आईवडील कोण, इतर कसे वागतात, वगैरे. बाहेरच्याची चिंता करू नका, म्हणे. परीक्षेच्या भीतीला हा सल्ला चांगलाच लागू पडतो. पण आमच्या मुलींनी फळ्यावर बाहेर लिहिलं: लग्न. शाळेच्या वाटेवरची टोळकी. संडासला जायची वेळ.

याची चिंता सोडायची? आम्ही भोवती आणखी एक वर्तुळ काढलं, एकटीच्या हातात नाही पण सगळ्यांच्या मिळून असेल त्याचं. बालविवाह प्रतिबंधक कायद्याची पुस्तिका वर्षभर टेबलावर पडून होती. त्या दिवशी मुलींनी ती मागून घेतली. २००६च्या या कायद्यानं असं लग्न रद्द करण्याचा अर्ज सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत करता येतो, हे त्यांनीच मोठ्यानं वाचलं. दोघीतिघींनी पुन्हा वाचायला लावलं.

आपल्या नव्या पुस्तिकेचा कच्चा मसुदा आणलाय. मजकूर कमी, चित्रं जास्त, प्रश्न अकरा. सातवा प्रश्न काढा असं मुली म्हणतात, मला तो हवासा वाटतो. वाचून दाखवते, मग बोलू.