निकाल आणि कुऱ्हाड

शहरातलं झाड तोडायचं तर आपल्या राज्यात परवानगी लागते. त्यासाठी १९७५ सालचा कायदा आहे. महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, लोकांच्या हरकती मागवल्या जातात. कागदावर व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते मुंबईच्या आरे वसाहतीत दिसलं.

मेट्रो तीनच्या कारशेडच्या जागेवर २,६४६ झाडं होती. ऑगस्ट २०१९मध्ये प्राधिकरणानं त्यांतली २,१८५ तोडायला आणि उरलेली दुसरीकडे हलवायला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, उच्च न्यायालयानं विरोधातल्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. स्थगिती लाभली ती जेमतेम ४४ झाडांना!

मेट्रो नको, असं माझं म्हणणं नाही. रस्त्यावरचा धूर कमी व्हायचा तर ती हवीच, आणि २०२४ साली ती आरेहून धावूही लागली. पण निकाल आणि कुऱ्हाड यांच्यात एक रात्रही नसेल, तर माणसानं वरच्या कोर्टात जायचं कधी?

२०२१च्या दुरुस्तीनं झाडाच्या वयाइतकी रोपं लावायचं बंधन आलं. ठीक आहे. पण ती जगली का, हे बघायला कोण जातं? त्यापेक्षा आपल्या गल्लीतल्या झाडावर नोटीस डकवलेली दिसली, तर थांबून तिच्यावरची तारीख वाचा. हरकत घ्यायला फार दिवस नसतात.