सर्वांचे ते कोणाचे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मला शिक्षणावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. मी मात्र सुरुवात पाटाच्या पाण्यापासून करणार आहे. थोडा धीर धरा. पाणी फिरून शेवटी आपल्याच शाळेच्या दारात येईल.

सामायिक वस्तूचे काय होते, हे आपण सर्वजण जाणतो. मोहल्ल्यातील विहिरीवर पाणी भरायला सगळे येतात, गाळ काढायच्या दिवशी चौघेच येतात. गावाच्या गायरानात जनावरे सगळ्यांची, राखण कोणाचीच नाही. अमेरिकेतील गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने 1968 साली एका गाजलेल्या लेखात हीच गोष्ट मांडली. कुरण सर्वांचे असेल तर प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवत जातो, कारण वाढीव दूध त्याचे एकट्याचे असते आणि नुकसान सर्वांत वाटले जाते. शेवटी कुरणच उजाड होते. त्यामुळे जगभर असे मानले जाऊ लागले की सामायिक वस्तू वाचवायची तर ती सरकारच्या ताब्यात द्यावी, नाहीतर खाजगी मालकीची करून टाकावी. तिसरा मार्ग नाही.

हा तिसरा मार्ग एका बाईंनी दाखवून दिला. त्यांचे नाव एलिनॉर ऑस्ट्रॉम. मुलींनी त्यांची कथा लक्षात ठेवावी. त्यांचा जन्म 1933 साली लॉस एंजेलिस येथे झाला. मुलगी म्हणून त्यांना शाळेत त्रिकोणमिती घेऊ दिली नाही. पुढे गणित कमी पडते या कारणास्तव अर्थशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी प्रवेश मिळाला नाही. त्यांनी राज्यशास्त्रात डॉक्टरेट केली, तीही कॅलिफोर्नियातील जमिनीखालच्या पाण्याच्या सामायिक प्रश्नावर. त्याच बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. 2012 साली त्यांचे निधन झाले.

ऑस्ट्रॉमबाईंनी तर्क लढवत बसण्याऐवजी सामायिक वस्तू शेकडो वर्षे टिकलेली गावे शोधली. स्वित्झर्लंडची डोंगरी कुरणे पाहिली, जपानची गावराने पाहिली, फिलिपाइन्सचे पाट पाहिले. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एक प्रकरण असे आहे की ते आपण जरा कान देऊन ऐकले पाहिजे. ते आहे स्पेनमधील वॅलेन्सियाचे.

वॅलेन्सियाच्या भोवती तुरिया नदीच्या पाण्यावर बागायत पिकते. तिथले पाटांचे जाळे मुस्लिम राजवटीत वाढले. पाटाला स्पॅनिश भाषेत जो शब्द आहे, ‘आसेकिया’, तो अरबी ‘साकिया’वरून आला. तुम्ही गझलेत ‘साकी’ ऐकता, त्याचाही धातू तोच. पाजणारा तो साकी, आणि शेताला पाजणारी ती साकिया.

1238 साली हे शहर ख्रिस्ती राजा जैमे याने जिंकले. मोठ्या मशिदीच्या जागी चर्च उभे राहिले. पुढे 1609 साली तेथील मुस्लिम वंशाच्या लोकांना देशाबाहेर घालवण्यात आले. माणसे गेली, पण पाण्याची वहिवाट गेली नाही. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणेच पाणी द्यावे, असे राजाने जिंकल्यानंतर लगेच ठरवून दिले होते, आणि नव्या शेतकऱ्यांनी तो रिवाज आपला म्हणून उचलला.

आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता त्या चर्चच्या दारात आठ पाटांचे आठ पंच बसतात. हे पंच शेतकऱ्यांनीच निवडलेले, स्वतः शेतकरी. एकेका पाटाचे नाव पुकारले जाते. कोणी पाणी चोरले, कोणी पाट साफ केला नाही, कोणी पाणी वाया घालवले, अशी तक्रार असेल तर तिथेच ऐकली जाते. वकील नाही, कागदांचे गठ्ठे नाहीत. ज्या पाटावरची तक्रार, त्या पाटाचा पंच निवाड्यात भाग घेत नाही. निकाल त्याच वेळी लागतो आणि तोच अखेरचा. पुष्कळ गुरुवारी पुकारा होतो, तक्रार एकही येत नाही, आणि पंच उठून घरी जातात. युनेस्कोने 2009 साली या पंचायतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

तक्रारी कमी का? ऑस्ट्रॉमबाईंचे उत्तर साधे आहे. पाणी पाळीने मिळते. एकजण पाणी घेत असताना पुढच्या पाळीचा माणूस बांधावर उभा असतो. पाटावर रखवालदार असतो, पण खरी नजर शेजाऱ्याची. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, राखण त्यांचीच, पहिल्या चुकीला लहान दंड आणि वारंवार चुकणाऱ्याला मोठा, आणि भांडण मिटवायला जवळची, बिनखर्चाची जागा. हे जिथे असते तिथे सामायिक वस्तू टिकते.

हे फक्त परदेशात घडते असे समजू नका. आपल्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागायची, एका फडात एकच पीक घ्यायचे, आणि पाणी ठरलेल्या पाटकऱ्याने सोडायचे. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसून निरनिराळ्या फडांत असे. पाणी कमी पडले तर एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटाही सर्वांच्या वाट्याला थोडा थोडा येतो. गरीब एकटा बुडत नाही.

आता शाळेच्या दारात येऊ.

मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे आम्ही पुस्तकपेढी काढली. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तके न्यायची, परीक्षा झाली की परत करायची. एका सज्जनांनी देणगी दिली, कपाट भरले. तीन वर्षांत कपाट रिकामे झाले. पालक म्हणाले, शाळेने लक्ष ठेवायला हवे होते. शाळा म्हणाली, पालकांनी परत करायला हवी होती. मी स्वतः ती पेढी सांभाळत होतो, आणि एकदाही पालकांना बोलावून नियम तुम्हीच ठरवा असे म्हणालो नाही. ज्या मुलाला चौथ्या वर्षी पुस्तक मिळाले नाही, त्याला मी काय उत्तर द्यावे? देणगीदाराचे पुण्य त्याला लाभले, पण पुस्तक त्या मुलाला लाभले नाही.

म्हणून पालकहो, माझे एवढेच मागणे आहे. ही संस्था आपल्या बुजुर्गांनी उभारली. कोणी जमीन दिली, कोणी रमजानमध्ये दारोदार फिरून चंदा गोळा केला. बुजुर्ग एक एक करून अल्लाहच्या घरी जातील. संस्था त्यांच्यामागे टिकायची असेल तर ती ‘त्यांची’ राहून चालणार नाही. वार्षिक सभेला या. हिशेब वाचा, आणि न समजलेला आकडा उभे राहून विचारा. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे, ती बांधावरची राखण आहे. पदाधिकाऱ्यांनाही विनंती की प्रश्न विचारणाऱ्याला विरोधक समजू नका. जेथे कोणी विचारत नाही, तेथे प्रामाणिक माणसावरही संशय येतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हातातले पुस्तक, तुम्ही बसता तो बाक, प्रयोगशाळेतली काचेची नळी, यांची पुढच्या वर्षीची पाळी तुमच्या धाकट्या भावाची, शेजारच्या बहिणीची आहे. ते बांधावर उभे आहेत. त्यांच्यापर्यंत पाणी पोचू द्या.

खुदा हाफिज.