चुलीजवळचे तर्कशास्त्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी अंबाजोगाई येथे दिलेले भाषण)



'तर्कशास्त्रावर चार शब्द बोला' असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मला हसूच आले. हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी तर्कशास्त्र! पण आपल्या न्यायशास्त्राने आपला सर्वांत प्रसिद्ध दाखला उचलला तो स्वयंपाकघरातूनच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. कशावरून? चुलीपाशी दोन्ही एकत्र असतात, हे आपण पाहिलेले असते. धूर तिथे अग्नी असायचाच, या न सुटणाऱ्या सोबतीला 'व्याप्ती' म्हणतात. ती पक्की, तर अनुमान पक्के.

आता हेच उलटे करून पाहा. अग्नी आहे तिथे धूर असतोच का? जुने पंडित तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याकडे बोट दाखवीत. आपण गॅसची शेगडी पाहावी.

एवढेच सांगायचे असते तर मी आले नसते. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो बायका ऊसतोडीला जातात. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे जी पाहणी आली, तीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांतली एक. सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या, असे नुसत्या आकड्यावरून म्हणणे ही आपलीच घाई होईल. पण कित्येकींना सांगितले गेले ते असे : 'अंगावरून पांढरे जाते ना? पिशवी ठेवलीत तर कर्करोग होईल.'

इथे व्याप्ती उलटी झाली, भगिनींनो. कर्करोगात अंगावरून जाऊ शकते. म्हणून अंगावरून जाते तिथे कर्करोग, असे होत नाही. पुष्कळदा कारण साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. तपासणीशिवाय यातले काय, ते कळायचे कसे?

तुम्ही म्हणाल, आम्हांला काय कळते, जाणत्याचे ऐकावे. बरोबर आहे. शब्द हेही प्रमाणच. मात्र आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाने न्यायभाष्यात सांगितले आहे की, ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो की म्लेंच्छ. आता मुकादमाला या मापाने मोजा. बाई पाळीच्या दिवसांत घरी बसली की खाडा पडतो, उचल फिटायची राहते. 'काढून टाक, कटकट जाईल' हा त्याचा सल्ला कोणाच्या सोयीचा? डॉक्टरांत चांगले पुष्कळ आहेत. पण 'कोणती तपासणी केली, कागद दाखवा' या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टराला राग येत नाही, हा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला एका दवाखान्यात असेच भिववले होते. वय तीस. तपासणी काहीच नाही. मी तिला सरकारी रुग्णालयात नेले. पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी ती बरी झाली. परवा तिने जावेला माझ्या दारात आणून उभे केले. जावेच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, सोमवारची. आम्ही दोघी शनिवारीच तिला घेऊन त्याच रुग्णालयात गेलो. तपासणीचा कागद अजून हाती यायचा आहे.