प्रिस्क्रिप्शनवर नाव कोणाचे
न्यू मेक्सिकोमधले लास क्रूसेस आणि टेक्सासमधले एल पासो ही शहरे मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहेत. दोन्ही राज्यांचा परवाना असलेली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे वाढीव शिक्षण घेतलेली परिचारिका, लास क्रूसेसच्या दवाखान्यात रुग्ण तपासते, निदान करते आणि स्वतःच्या नावाने औषध लिहून देते. दुसऱ्या दिवशी तीच एल पासोत बसली की औषध लिहिण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार असावा लागतो आणि प्रिस्क्रिप्शनवर त्या डॉक्टरचे नाव, पत्ता, फोन नंबर द्यावा लागतो. शिक्षण तेच, परीक्षा तीच, रुग्णाचा रक्तदाबही तोच. बदलले ते फक्त राज्य. परिचर्याशास्त्राची पदवी घेऊन जे स्नातक अमेरिकेची वाट धरतील, त्यांना औषधशास्त्राइतकाच हा कायदाही शिकावा लागेल.

अमेरिकेत व्यवसायाचा परवाना देणे हे राज्यांचे काम आहे. डॉक्टरांना परवाना सक्तीचा करण्याचा राज्यांचा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये मान्य केला. परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा नॉर्थ कॅरोलिनाने १९०३ मध्ये केला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी डॉक्टरांचे कायदे आले आणि त्यांनी निदान व उपचार एवढे सगळे क्षेत्र आपल्या व्याख्येत घेतले. परिचारिकेला पुढे जे मिळाले, ते या व्याख्येतून एकेक तुकडा सोडवून घेऊन.

प्रत्यक्ष काम मात्र कायद्याच्या पुढे धावत होते. मेरी ब्रेकिन्रिज यांनी १९२५ मध्ये केंटकीच्या डोंगरात सेवा सुरू केली, तेव्हा त्यांच्या परिचारिका-सुईणी घोड्यावरून बाळंतपणाला जात. जवळपास डॉक्टर नसे. १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम उभा केला. आयडाहोने १९७१ मध्ये या कामाला कायद्यात जागा दिली. मिसुरीत प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तिथल्या कुटुंबनियोजन केंद्रांतल्या परिचारिका डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्थायी आदेशांनुसार स्त्रियांची तपासणी करत, गर्भनिरोधक गोळ्या देत. ही विनापरवाना वैद्यकी आहे, असे राज्याच्या वैद्यकीय मंडळाचे म्हणणे होते. १९७५ च्या सुधारित कायद्यातून ‘डॉक्टरांच्या थेट देखरेखीखाली’ ही अट विधिमंडळाने मुद्दाम काढली होती, याकडे बोट दाखवून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये परिचारिकांच्या बाजूने निकाल दिला. कायद्यातून वगळलेल्या मोजक्या शब्दांवर एका व्यवसायाचे भवितव्य ठरले.

औषध लिहिण्याच्या अधिकारात आणखी एक थर आहे. नशा आणणारी किंवा सवय लावणारी औषधे केंद्राच्या कायद्यात पाच अनुसूचींत विभागली आहेत. ती लिहायला केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण यंत्रणेची नोंदणी लागते. पण राज्याने जेवढी मुभा दिली, तेवढीच ही यंत्रणाही देते. याचा चटका ऑक्टोबर २०१४ मध्ये बसला. हायड्रोकोडोन मिसळलेल्या वेदनाशामक गोळ्या केंद्राने तिसऱ्या अनुसूचीतून दुसरीत हलवल्या. टेक्सासमध्ये दुसऱ्या अनुसूचीची औषधे नर्स प्रॅक्टिशनर फक्त रुग्णालयात आणि मरणासन्न रुग्णांच्या हॉस्पिस सेवेत लिहू शकते. त्यामुळे गावातल्या दवाखान्यात मोडलेला हात घेऊन आलेल्या माणसाला कालपर्यंत जी गोळी तिच्या हातून मिळत होती, ती त्या दिवसापासून मिळेना. तिचे कौशल्य रातोरात कमी झाले नव्हते.

देखरेख म्हणजे नेमके काय, हा सगळ्यांत अवघड प्रश्न. एकाच छताखाली डॉक्टर असणे, ठरावीक रुग्णांची कागदपत्रे तपासणे, महिन्याला बैठक घेणे, नुसता फोनवर उपलब्ध असणे: राज्यागणिक अर्थ वेगळा. टेक्सासमध्ये एक डॉक्टर साधारणपणे अशा सात पूर्णवेळ सहकाऱ्यांपर्यंत अधिकार सोपवू शकतो. करारासाठी नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरकडे दरमहा शुल्क भरावे लागण्याचे प्रकारही अनेक राज्यांत आहेत. शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या, रुग्णाला कधीही न पाहिलेल्या डॉक्टरची सही ही देखरेख नव्हे. रात्री अडीचला छातीत दुखणारा रुग्ण समोर असताना फोन उचलून बोलणारा अनुभवी सहकारी, ही देखरेख. पहिलीची सक्ती कायदा करतो. दुसरीची हमी त्याला देता येत नाही.

डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. वैद्यकीय पदवीनंतर डॉक्टर निदान तीन वर्षे निवासी प्रशिक्षण घेतो. नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास ५०० होते, २०२२ च्या मानकांनी ते ७५० केले. दुर्मीळ आजार ओळखण्यात हा फरक जाणवू शकतो. नेहमीच्या आजारांत मात्र पुरावा वेगळे सांगतो. न्यूयॉर्कमध्ये १,३१६ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटून केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या आणि नर्स प्रॅक्टिशनरांच्या रुग्णांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नाही.

म्हणून अलीकडच्या कायद्यांनी कायमच्या सहीऐवजी अनुभवाचे तास मोजायला सुरुवात केली. न्यूयॉर्कने २०१५ पासून ३,६०० तासांनंतर लेखी कराराची अट काढली. फ्लोरिडाने २०२० मध्ये प्राथमिक सेवेपुरती ३,००० तासांची अट घातली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी केलेल्या कायद्यात तीन वर्षे किंवा ४,६०० तास ठेवले, त्यानंतर डॉक्टर असलेल्या संस्थेत काम आणि आणखी तीन वर्षांनी स्वतंत्र दवाखाना. ही वाट जास्त प्रामाणिक आहे, कारण ती नवख्या परिचारिकेला आधार देते आणि मुरलेल्या परिचारिकेला मोकळे करते. पण त्या तासांत शिकवणारे कोणी शेजारी हवे. नुसते तास भरले, तर तीही एक सहीच.

भारतात नर्स प्रॅक्टिशनरच्या वाटेवरच्या पहिल्या पायऱ्या आता बांधल्या जात आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, केंद्राने २०१८ मध्ये प्रसूतिसेवेसाठी मिडवाइफरी नर्स प्रॅक्टिशनरची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. अतिदक्षता विभागातली ही परिचारिका आज औषध देते ते रुग्णालयाने ठरवून दिलेल्या लेखी प्रोटोकॉलनुसार.