बियाण्याचे भात आणि पिवळा बेडूक
(वेंगुर्ले येथील बैठकीतील भाषण)



बेडकावर भाषण म्हटल्यावर मागे कोणीतरी हसले. हसा. मीही तरुणपणी मृगाच्या पहिल्या पावसात गॅसबत्ती आणि गोणपाट घेऊन मळ्यात उतरलेला माणूस आहे.

ज्याच्या तंगड्या आपण खाल्ल्या तो मोठा बेडूक एरवी हिरवट-तपकिरी. पहिल्या जोरदार सरींत नर पिवळाधमक होतो, गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून रात्रभर ओरडतो. एरवी लपणारा प्राणी स्वतःच ठिकाण सांगतो, म्हणून तर सापडतो. पण तो ओरडतो मादीसाठी. मादी साचलेल्या पाण्यात हजारो अंडी घालते. वर्षाची बरीचशी वीण याच थोड्या रात्रींत. पेरणीच्या आदल्या दिवशी बियाण्याचे भात कांडून जेवायला बसावे, तसे आपले चालले होते.

याचे कुळ दुभंगलेल्या जिभेच्या बेडकांचे, शास्त्रात डिक्रोग्लॉसिडी. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेले. कुणग्यातले लहान बेडूक, तळ्याच्या पाण्यावरून टणाटण पळणारे बेडूक, सगळे भाऊबंदच. जीभ पुढून चिकटलेली, मागून मोकळी. बाहेर फेकली की किडा आत. मोठा तर खेकडा नि उंदराचे पिल्लूही गिळतो. तो काही आपला पगारी गडी नव्हे. गांडूळ खातो, स्वतःच्या जातीची पोरेही खातो. अंदमानात माणसांनी नेला, तिथे उपद्रवच झाला. इथे मात्र तो इथलाच आहे.

एके काळी या तंगड्या परदेशी जात. परकीय चलन जमेला धरले. शेतातून गेलेला राखणदार खर्चाला कोणी लिहिला नाही. 1987 साली निर्यात बंद झाली. वन्यजीव कायद्याने पकडणेही गुन्हा आहे. तरी हद्दीपलीकडे गोव्यात 'जंपिंग चिकन' हे नाव अजून सर्वांना ठाऊक आहे, आणि गिऱ्हाईक असले की पकडणारा मिळतोच.

दुसरी गोष्ट औषधाची. बेडूक कातडीतून पाणी घेतो, श्वासही घेतो. आपण पंप धुतो कुठे? बांधाकडेच्या डबक्यात. अंडी तिथेच असतात. यंदा पंप शेतापासून, पाण्यापासून दूर धुवा. आणि मळ्यात रात्री बत्त्या हलताना दिसल्या, तर पोरांना शिव्या न घालता बोलावून घ्या, बियाण्याच्या भाताचे सांगा. मला त्या वयात कोणी सांगितले नव्हते.