दूधगंगा-वेदगंगेचा काठ



मी होमिओपॅथीचा डॉक्टर. इतिहास हा माझा विषय नव्हे. पण इतकी वर्षं दवाखान्यात बसून काठावरच्या माणसांचं ऐकत आलो, त्या बळावर बोलतो. पेशंट कागलकडचा असो की निपाणीकडचा, “केव्हापासून दुखतंय?” म्हटलं की तारीख सांगत नाही. “2005 च्या महापुरापासून,” म्हणतो. तरुण असला तर 2019 किंवा 2021. आमच्याकडचं पंचांग नदीच्या हातात आहे.

दूधगंगा राधानगरीच्या सह्याद्रीतून येते, वेदगंगा भुदरगडातून. भोजजवळ दोघी एक होतात आणि पुढं दूधगंगा म्हणूनच सदलग्याकडून कल्लोळ-येडूरला कृष्णेत मिळतात. 1956 साली राज्यांची रेघ या पाण्यावर पडली. 1967 च्या महाजन अहवालानं निपाणी महाराष्ट्रात घाला म्हटलं, तेही तसंच राहिलं. या विषयावर आपण पोटतिडकीनं बोलतो, मीही बोललोय. मात्र रेघेवर एवढं बोलताना नदीवर बोलायचं राहून गेलं, ही माझी तक्रार आहे, आणि त्यात मी स्वतःही आलो.

आमच्या जैन समाजाला हा संगम जवळचा. विसाव्या शतकातले थोर दिगंबर आचार्य शांतिसागर महाराज भोजचे. घरच्या शेतीतले सातगौडा. तरुणपणी ते मुनींना खांद्यावर घेऊन नदी पार करत, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. 1955 साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली. आचार्य विद्यासागरजी याच पाण्यावरच्या सदलग्याचे. घरात कानडी आणि बाजारात मराठी, अशी या काठाची रीत. येडूरच्या वीरभद्राला जाताना कुणी कुणाची भाषा विचारत नाही.

पण मुनींना सारेच ओळखतात. नावाड्याचं काय?

नवा डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. पलीकडच्या गावात पोराला ताप, आणि जातराट-भिवशीसारखे आमचे ठेंगणे पूल पावसाळ्यात पहिल्यांदा पाण्याखाली जातात. एका म्हाताऱ्या आंब्यानं मला गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवलं. रस आटवायची ती पसरट कढई पुरात होडी होते, हे आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. मी पेटी छातीशी धरून बसलो, तो बोलत राहिला. इथं अमुक डोह, इथं तमुक डोह, इथं भोवरा, इथं तळाला खडक. उतरताना पैसे काढले तर म्हणाला, “डागदर, सुगीला गाव धान्य घालतंय की. तुमचं पैसं कशाला?”

पूल उंच झाले, मोटारी आल्या, धान्य बंद झालं. त्याची मुलं इचलकरंजीला मागावर गेली असं ऐकलं. पेशंटला झोप कुठल्या कुशीवर लागते तेही लिहून घेणारा माणूस मी; पण त्या डोहांची नावं लिहून घेतली नाहीत. आज एकही आठवत नाही. त्याचं स्वतःचं नावही मी विचारलं नव्हतं. मंडळाला विनंती आहे, अजून चार-दोन म्हातारे हयात आहेत. पुढच्या वर्षी माझ्यासारख्याचं व्याख्यान ठेवण्याऐवजी त्यांच्याकडं वही घेऊन जा.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. आमच्या घरात पाणी गाळून प्यायचं. गाळल्यावर कापडावर राहिलेली जिवाणी ज्या पाण्यातली असेल त्याच पाण्यात सोडायची, दुसऱ्या पाण्यात जीव जगत नाहीत. आजी रोज घागर घेऊन घाट उतरायची, जिवाणी सोडून यायची. गावात नळ आला तेव्हा आम्ही म्हटलं, आता सुटलीस. तिनं तोटीला गाळणं बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिवाणीचा तांब्या घेऊन निघाली. “कुठं?” विचारलं. “पाणी कुठनं आलं?” तिनं विचारलं, आणि घाटाकडं चालू लागली.