चहाचा पाला कुणाच्या कारखान्यात जातो?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या गावात चहाशिवाय दिवस सुरू होणारे घर शोधूनही सापडणार नाही. चहाचे झुडूप मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. त्याला साडेचार ते साडेपाच सामूची आम्लधर्मी, उत्तम निचऱ्याची जमीन लागते आणि वर्षभर विभागून पडणारा पाऊस लागतो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत आणि मे महिन्याच्या उन्हात ते तग धरणार नाही. तेव्हा चहा लावा, असे सांगायला मी उभा नाही. मला सांगायचे आहे ते केनियातील लहान चहा उत्पादकांविषयी. त्यांचा प्रश्न ऊस लावणाऱ्याला चटकन कळेल.

चहाचा पाला उसापेक्षाही नाशवंत. दोन पाने आणि एक कळी अशी खुडणी झाली की तो काही तासांत कारखान्यात पोचला पाहिजे. पोत्यात दाबून भरला किंवा उन्हात राहिला तर आतून तापतो, लाल पडतो आणि चहाचा दर्जा जातो. कारखान्यात पाला प्रथम १२ ते १८ तास हवेवर कोमेजू देतात. नंतर तो दातेरी रुळांमधून चुरडून काढतात. हे सी.टी.सी. यंत्र विल्यम मॅककर्चर यांनी १९३० च्या सुमारास आसामातच तयार केले. चुरडलेला पाला हवेने तांबूस झाला की गरम हवेत वाळवतात. सुमारे साडेचार किलो हिरव्या पाल्यातून एक किलो चहा पदरात पडतो. ही यंत्रे कुणा एकट्या लहान शेतकऱ्याला परवडत नाहीत आणि पाला घरात ठेवून भावाची वाट पाहता येत नाही. म्हणजे जवळचा कारखाना देईल तो भाव. तो कारखाना कुणाचा, यावर सगळे ठरते.

केनियात लिमुरू येथे १९०३ मध्ये भारतातून नेलेल्या बियाण्यापासून चहा लावला गेला. १९२४ पासून ब्रिटिश कंपन्यांनी केरिचो भागात मोठे मळे उभे केले. आफ्रिकी शेतकऱ्याला मात्र चहा लावण्यास मज्जाव होता. मळ्यावर मजुरी करावी, स्वतःच्या रानात ते झुडूप लावू नये, असा तो न्याय! १९५० नंतर हे धोरण बदलू लागले. १९५४ च्या स्विनर्टन योजनेने आफ्रिकी शेतकऱ्यांना नगदी पिकांची वाट मोकळी केली आणि १९५७ मध्ये रागाती येथे लहान उत्पादकांच्या पाल्यासाठी पहिला कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये केनिया चहा विकास प्राधिकरण स्थापन झाले. जागतिक बँकेसारख्या संस्थांकडून कर्जे मिळाली. कलमी रोपे, खत, खुडणीचे प्रशिक्षण, पाला गोळा करणाऱ्या मोटारी आणि कारखाने ही सारी साखळी एका हाताखाली आली. हेच या योजनेचे मर्म आहे, असे मला वाटते. नुसती रोपे वाटली असती तर पाला बांधावरच सडला असता.

पुढे कारखाने उत्पादकांच्या भागभांडवलाच्या कंपन्या झाल्या आणि २००० मध्ये प्राधिकरणाचेही खाजगी कंपनीत रूपांतर झाले. आज तेथे सहा लाखांहून अधिक लहान उत्पादक आहेत. बहुतेकांचा चहा एकरभर किंवा त्याहून कमी, तरीही देशातील निम्म्याहून अधिक चहा त्यांचा आहे. १९५० मध्ये सुरू झालेला आपला प्रवरानगरचा साखर कारखाना आठवावा. कायद्याने तो सहकारी आणि केनियातील ही कंपनी, एवढा फरक सोडला तर कल्पना एकच.

पैसे देण्याची पद्धतही ओळखीची वाटेल. गावच्या केंद्रावर पाला पसरून तपासतात, जून पाने बाजूला काढतात आणि वजन करून नोंद देतात. त्या वजनावर दरमहा ठरावीक दराने रक्कम मिळते. ही आपली पहिली उचल. विषुववृत्तालगतचा देश असल्याने खुडणी बारमाही चालते आणि घरात दरमहा पैसा येतो. खताची रक्कम यातूनच कापून घेतात. जूनमध्ये वर्ष संपले की मोंबासाच्या लिलावातील विक्रीतून खर्च वजा जाता उरलेली रक्कम वाटली जाते. तिला तेथे बोनस म्हणतात. मुलांची फी, घराचे छप्पर, गाय, सारे त्या बोनसवर ठरते. खुडणी बहुतेक बायकांच्या हातची, उत्पादक म्हणून नोंद मात्र पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर. भगिनींना हे वेगळे सांगायला नको.

पण तेथेही सारे आलबेल नाही. रिफ्ट खोऱ्याच्या पूर्वेकडील कारखाने पश्चिमेकडील कारखान्यांपेक्षा जास्त बोनस देतात. फरकाचे एक कारण पाल्याचा दर्जा, हे खरे. पण कारखान्याचा खर्च आणि कर्ज कुणी वाढविले, असा उत्पादकांचा रोकडा प्रश्न आहे. नड असलेला शेतकरी रोख पैशासाठी पाला बाहेरच्या दलालाला घालतो. उसाची पळवापळवी आपण पाहतोच! २०२० मध्ये नवा चहा कायदा झाला. २०२१ मध्ये लिलावात किमान भाव बांधून दिला, तेव्हा खरेदीदारांनी हात आखडता घेतला, मालाचे ढीग साचले आणि पुढे ती अट काढावी लागली. केनियाचा बहुतांश चहा सुटा निर्यात होतो. पाकिस्तान सर्वांत मोठा गिऱ्हाईक. चवीचे मिश्रण, पुडा आणि छाप दुसऱ्याची, त्यामुळे कारखाना मालकीचा असूनही वरचा नफा हाती लागत नाही.

आता आपल्या देशाकडे पाहू. भारतातही निम्म्याहून अधिक चहा १०.१२ हेक्टरपर्यंतच्या लहान उत्पादकांचा आहे. मुख्यतः आसाम आणि उत्तर बंगालचे हे शेतकरी पाला विकत घेणाऱ्या खाजगी कारखान्यांना, पुष्कळदा मध्यस्थामार्फत, पाला घालतात. कारखाना आणि उत्पादक यांच्यातील वाटणीचे सूत्र सरकारने लिलावाच्या सरासरी भावाशी जोडून दिले आहे, पण हातात पडणाऱ्या भावाबद्दल तक्रारी कायम आहेत. निलगिरीत मात्र १९६२ मध्ये कुंदा येथे पहिला सहकारी चहा कारखाना निघाला आणि १९६५ पासून अशा कारखान्यांचा इंडकोसर्व्ह हा संघ काम करतो. तेथेही मंदीत भाव कोसळतोच. फक्त विक्री कितीला झाली आणि कपात कशाची, हे सभासद म्हणून सभेत विचारता येते. आसामातल्या उत्पादकाला ते विचारायला जागा नाही.